अकरा धडका

वाणी सरांनी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला, असं सांगणारा माणूस बुऱ्हाणपुरात सापडायचा नाही. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी टायपिंगच्या सराव परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. दोन्ही वेळा निकालाचा कागद त्याच्या हातात ठेवून, "आता वर जा, तुझ्या ताईनं पानं घेतलीत," असं अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. मेव्हणा जेवला की नाही ते मला माहीत नाही. सर मात्र नेहमीसारखे पोटभर जेवले असणार.

सर गेले त्याला येत्या पोळ्याला वर्ष होईल. सिंधीपुऱ्यातल्या त्यांच्या क्लासचं शटर आता बंद असतं. ऑफिसातून घरी येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून येते आणि रोज स्वतःवर चिडते, कारण शटर बंद आहे हे पाहायला रोज जायची काय गरज? पण पाय वळतात. समोरच्या पॉवरलूमची खडखड तशीच चालू असते. पूर्वी तिच्यात आमच्या नऊ टाइपरायटरांचा आवाज मिसळायचा आणि गल्लीत बोलणाऱ्याला ओरडूनच बोलावं लागायचं. सर तेवढे कधी ओरडले नाहीत. ते जवळ येऊन, वाकून, कानाशी बोलत, त्यामुळे त्यांनी साधा वेळ विचारला तरी गुपित सांगितल्यासारखं वाटे.

अंगानं काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट आणि खिशाला लाल पेन्सिल. मोजायची सवय मोठी विचित्र. क्लासमधून वर घरात जायच्या तेरा पायऱ्या होत्या. सर त्या रोज मोजत चढायचे, रात्रीतून कुणी चौदावी बसवून गेलं की काय अशी शंका असल्यासारखे. चहाचे घोट मोजायचे, ओळीतली अक्षरं मोजायचे, आणि समोर कुणी भाषण करत असला तर त्याचे "म्हणजे" मोजायचे. हे सगळं ओठांतल्या ओठांत. नवीन मुलींना वाटायचं सर जप करतात.

"रेखा, बोटांकडे पाहू नकोस. बोटांना घर माहीत आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आजही ऑफिसात कीबोर्डकडे मान गेली की कानाशी कुणीतरी वाकल्याचा भास होतो.

मी शिकायला जाऊ लागले तेव्हा क्लासमध्ये नुकतेच तीन कॉम्प्युटर आले होते. जुनेच घेतलेले, आणि एकाच्या खोक्यात एका गेमची सीडी निघाली, सोबत छोटी पुस्तिका. परदेशी गेम, नाव लांबलचक इंग्रजी. आपापलं राज्य उभारायचं, लाकूड-दगड जमवायचे, सैन्य करायचं आणि दुसऱ्याचं राज्य पाडायचं. सरांनी त्याचं नाव ठेवलं "गढी". आधी त्यांचा विचार तो काढून टाकायचा होता. मग स्वतः एकदा खेळून पाहिला आणि म्हणाले, "बोटांना व्यायाम आहे. रविवारी दुपारी चालेल."

चालेल, पण सरांच्या पद्धतीनं. खेळायच्या आधी प्रत्येकानं एक पान टाइप करायचं. सर लाल पेन्सिलीनं चुका काढायचे. ज्याच्या चुका सगळ्यांत कमी, तो राज्य आधी निवडणार. हरेल त्यानं चहा सांगायचा आणि नऊच्या नऊ टाइपरायटरांवर कापडी खोळी चढवायच्या. जिंकलेल्यानं ओरडायचं नाही. मुकेश एकदा ओरडला, तर सरांनी त्याला पुढच्या रविवारी दोन पानं टाइप करायला लावली.

मुकेश हा कापड दुकानदाराचा मुलगा, बोलण्यात निम्मी हिंदी, बोटं विजेसारखी. घोडेस्वार घ्यायचा आणि दहाव्या मिनिटाला आमच्या राज्यात घुसायचा. मी बरी खेळायचे. मुलगी म्हणून कुणी सोडून देत नसे, याचं मला फार बरं वाटायचं.

आणि वसंत. तो निंबोल्याचा. घरी केळी, थोडा कापूस. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. बोटांची जखम भरली तसा तो सरांकडे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मले टायपिंग शिकाचं हाये." हात खिशात होता. सरांनी तो बाहेर काढायला सांगितला, उलटापालटा करून पाहिला आणि "सोमवारी सकाळी आठला ये," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. सर स्वतः उजव्या हाताची तीच दोन बोटं रुमालानं तळव्याशी बांधून टाइप करत बसले. सकाळ, दुपार. चुकायचे, कागद काढायचे, पुन्हा घालायचे. वरून काकूंनी हाक मारून विचारलं, "अहो, हाताला काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, शिकतोय." आठवड्यानंतर त्यांनी रंगीत पेन्सिलींनी आठ बोटांचा एक नवा तक्ता काढला, कुठलं अक्षर कुठल्या बोटानं मारायचं त्याचा, आणि वसंतासमोर भिंतीवर चिकटवला. वर्षभरानं वसंत परीक्षा पास झाला. तेव्हाही सरांनी त्याला एक अक्षर सोडलं नाही. मीच तेव्हा मनात म्हटलं होतं, हा माणूस जरा कठोरच आहे.

पण रविवारच्या गेमचं काही तक्ता काढून जमेना. तिथे माउस चटचट चालवावा लागे. वसंत डाव्या हातानं चालवायचा, आणि त्याचे चार मजूर दगड आणायला निघेपर्यंत मुकेशचे घोडे दारात. दहा मिनिटांत खलास. दर वेळी चहा वसंतानं सांगायचा, खोळी वसंतानं चढवायच्या. मग तो रविवारी येईनासा झाला. केळीला पाणी द्यायचंय, म्हणायचा. तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी सरांनी त्याला निरोप धाडून बोलावलं आणि आमच्या देखत सांगितलं, "वसंता, तू घोड्यांच्या मागे लागू नको. भिंत बांधून पाहा."

भिंत आमच्यात कुणीच बांधत नव्हतं. दगड फार लागायचा, वेळ जायचा. वसंतानं बांधली. मुकेशचे घोडे येऊन बाहेरच उभे राहिले. मग मुकेशनं धडकगाडी आणली, म्हणजे गेममधली ओंडका लावलेली गाडी, जी भिंतीवर आपटत राहते. सर वसंताच्या खुर्चीमागे उभे राहून मोठ्यानं मोजू लागले. "एक... दोन... तीन..." अकराव्या धडकेला भिंत पडली, पण तेवढ्या अवधीत आत वसंताचे भालेकरी तयार होते. त्या दिवशी मुकेशनं चहा सांगितला. वसंत कितीतरी वेळ पडद्याकडेच पाहत बसला होता.

तेव्हापासून वसंत म्हणजे भिंत. शांतपणे बांधायचा, कुठे दुहेरी करायची, कुठे मुद्दाम फट ठेवून शत्रूला आत ओढायचं, सगळं डोक्यात तयार. आणि भिंतीला अकरा धडका, हे आम्हा सगळ्यांना पाढ्यासारखं पाठ. लग्नं झाली, मुलंबाळं झाली. वसंताला नोकरी काही लागली नाही, त्यानं शेतीसोबत निंबोल्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. मुकेश वडिलांच्या गादीवर बसला. पण महिन्यातून दोन रविवार तरी आम्ही सरांकडे जमायचो. निंबोल्याच्या पोरांना वसंत सोबत आणून तिथेच गेम शिकवायचा, तेव्हा हात मुद्दाम दिसेल असा ठेवायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग दोन वर्षांपूर्वी त्या जुन्या गेमची नवी आवृत्ती आली. रीमास्टर म्हणतात तिला. तोच गेम, चित्रं चकचकीत, आणि आतले आकडे नव्यानं जुळवलेले. कुठलं सैन्य किती जोराचं, कुठलं किती महाग, याला ते लोक बॅलन्स म्हणतात. घोडे थोडे मंद केले होते, भालेकरी थोडे भारी. इंटरनेटवर जगभरचे खेळणारे एकमेकांवर तुटून पडले होते. आमच्याकडे जग लागत नाही, तिघं पुरतात.

पहिल्याच रविवारी वसंताची भिंत सातव्या धडकेला पडली.

"हे काय!" वसंत उठून उभाच राहिला. "भिंत कमजोर करून टाकली यायनं!"

मुकेशला हसू आवरेना. "अरे यार, सही केलं त्यांनी. अठरा वर्षं मी तुझ्या भिंतीवर डोकं आपटतोय. ओवर होती ती, जास्तच भारी. गेममध्ये बॅलन्स तर पाहिजे ना!"

"बॅलन्स? ज्याचे हात पळतात त्याच्यासाठीच का बॅलन्स?"

"मग काय, हळू खेळणाऱ्याला इनाम द्यायचं?"

पुढे काय काय बोलले ते लिहीत नाही. दोघंही चाळिशीचे बाप्ये, शाळेतल्या पोरांसारखे भांडले. रविवारच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर तेच. मुकेशनं कंपनीनं दिलेली बदलांची यादी टाकली आणि खाली लिहिलं, यात भिंतीचं नावच नाही, पाहून घे. वसंतानं लिहिलं, चोरून केलंय. मुकेशनं परदेशातल्या कुणाचं तरी म्हणणं टाकलं की भिंत पहिल्यापासून सातचीच होती. वसंतानं लिहिलं, त्या माणसाला सांग बुऱ्हाणपूरला येऊन आमच्या सरांना विचार. आणि ग्रुप सोडला.

सर काहीच बोलत नव्हते. त्यांना तोवर कंपवात सुरू झाला होता. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं तो धरून बसायचे. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही एक शब्द बोललात तर दोघंही गप्प होतील." त्यांनी ती यादी छापून मागितली, लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचली, आणि घडी करून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा मला बरा दिसला नाही. मला वाटलं तब्येत असेल.

पुढच्या रविवारी वसंत आला, तो खेळायला नाही. हातात वहीचा कागद.

"सर, एक अर्ज टाइप करून द्या. इंग्रजीत. कंपनीले पाठवतो."

आमच्याकडे नळ आला नाही, खांबावरचा दिवा लागला नाही, की सरांकडून अर्ज टाइप करून घ्यायचा ही रीतच होती. सरांच्या अर्जात चूक नसते, म्हणून साहेबाला तो वाचावाच लागतो, असा गावाचा विश्वास. तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या गेम कंपनीलाही अर्जच जाणार, यात आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही. मुकेशसुद्धा हसला नाही.

सर कॉम्प्युटरपुढे बसले. हात कापत होता, एकेक अक्षर शोधल्यासारखं पडत होतं. मानाचं संबोधन झालं. विषय झाला. सविनय विनंती झाली. वसंत मागून सांगत होता, "लिहा सर, जुन्या गेममध्ये भिंत अकरा धडकांची होती, हे आमच्या सरांनी स्वतः मोजलेलं हाये." सरांनी ते इंग्रजीत टाइप केलं. "अकरा" शब्दापाशी आले आणि थांबले.

पॉवरलूम चालू होता. मग ते उठले, टेबलाचा खण किल्लीनं उघडला आणि आतून ती जुनी पुस्तिका काढली, सीडीबरोबर आलेली. पान उघडून वसंतासमोर धरलं. भिंतीच्या चित्राखाली सात लिहिलं होतं.

"अकरा हा आकडा माझा आहे," सर म्हणाले. "गेमचे आकडे एका साध्या फाइलीत होते. मी सातचे अकरा केले. तिन्ही मशीनवर."

वसंतानं पुस्तिका हातात घेतली, पाहिली, परत ठेवली.

"मतलब मी कधी जितलोच नाही?"

"भिंत अकराची केली ती सगळ्यांची केली, वसंता. मुकेशची, रेखाची, माझीसुद्धा. आम्हाला कुणालाच नाही बांधता आली. तुला आली."

"पन तुमी मले सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"आठ बोटांचा तक्ता भिंतीवर लावला होता तुमी. सगळ्यांसमोर. हे काहून लपवलं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचा रागच आला. इतकी वर्षं आमच्या स्वल्पविरामांवर लाल रेघा मारणारा हा माणूस! सरांनी अर्धा राहिलेला अर्ज छापून घेतला, "अकरा" शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात, नेहमी काढायचे तशी, चुकांची संख्या लिहिली. एक. खाली स्वतःचं नाव घातलं.

"तू खेळायचा थांबू नयेस, एवढंच डोक्यात होतं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू बसला नसतास. पण चूक ती चूकच."

वसंतानं तो कागद घडी करून खिशात टाकला आणि गेला. त्या दिवशी कुणी हरलं नव्हतं, तरी खोळी मुकेशनं चढवल्या. शेवटची खोळ चढवताना तो म्हणाला, "सर, मीपण अकरानंच हरत होतो का मग?"

"अकरानं कोण हरतं?" सर म्हणाले. "तुला वसंतानं हरवलं."

मुकेशनं मान डोलावली. त्यानंतर भिंत ओवर होती हे त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही.

वसंत केळीची कटाई संपली तरी आला नाही. सर आमच्याशी दोन-तीन रविवार खेळले. पण गेमला वेग लागायचा, आणि त्यांचा हात आता माउसवर ठरत नसे. मी घोडे मुद्दाम सावकाश नेत होते, तर त्यांनी कानाशी वाकून सांगितलं, "रेखा, नीट खेळ." नीट खेळले की ते आठ मिनिटांत पडत. मग त्यांनी खेळणं सोडून दिलं. मागे उभे राहून पाहत, आणि भिंत कुणी बांधतच नसल्यामुळे मोजायलाही काही नसे. मला ते पाहवत नव्हतं. मी वसंताला फोन केला. कशाला केला, काय बोलायचं, काही ठरवलं नव्हतं.

"सर आता खेळत नाहीत," मी म्हटलं. "नुसते उभे राहतात."

तो नुसता "हं" म्हणाला. फोन ठेवताना विचारलं, "हात लई कापतो का?"

पुढच्या रविवारी मी क्लासमध्ये पोचले तेव्हा वसंत आधीच येऊन एका मशीनपुढे बसला होता. पडद्यावर गेम नव्हता, आकड्यांची एक फाइल उघडी होती, ती त्यानं मला पाहून मिटवली. "गेम अपडेट करून राह्यलो, रेखाताई," म्हणाला. मुकेश दारात उभा होता. सर तेरा पायऱ्या उतरून खाली आले आणि वसंताला पाहून शेवटच्या पायरीवरच थांबले.

"सर, बसा," वसंत म्हणाला. "आज तुमी आन मी."

"मी आता खेळत नाही रे."

"पान टाइप करा आधी."

दोघांनी पान टाइप केलं. सरांनी दोन्ही पानं तपासली. वसंताच्या दोन चुका. स्वतःच्या पानावर त्यांनी एकेक करून चौदा रेघा मारल्या आणि चौदा हा आकडा समासात लिहिला. आयुष्यात एवढा आकडा त्यांनी स्वतःच्या नावापुढे लिहिला नसेल. नियमाप्रमाणे राज्य आधी निवडायचा हक्क वसंताचा. त्यानं घोडेवालं राज्य घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भरपूर दगडाचं, म्हणजे भिंतीचं राज्य सरांना राहिलं.

सरांनी माउस दोन्ही हातांनी धरला. मजूर दगडाकडे निघाले. एक तुकडा भिंत, दुसरा तुकडा. कधी भलतीकडेच लागायचा, तो पाडून पुन्हा. वसंताचे घोडे आले आणि बाहेर उभे राहिले. मग त्यानं धडकगाडी आणली. सरांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, पूर्वीसारखं.

"एक... दोन... तीन..."

मुकेश माझ्या शेजारी येऊन पडद्यावर वाकला.

"...पाच... सहा... सात."

भिंत उभी होती.

सरांनी पडद्यावरून मान वळवली आणि वसंताकडे पाहिलं. वसंत आपल्या पडद्याकडे पाहत होता, मान खाली, कान लाल झालेले. आठवी धडक बसली. नववी बसली. सर मोजत नव्हते. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी माउस धरला आणि आतल्या बाजूनं दुसरी भिंत बांधायला घेतली.